बास गेला कुठे? मेटॅलिकाचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ आज ऐकायचा तर

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ कॅसेटवर ऐकत मोठं झालेल्या माणसाने आज हाच अल्बम फोनवर लावला, तर दोन-तीन मिनिटांतच तो हेडफोन काढून तपासायला लागतो. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, नुसता ‘टक टक’ आवाज येतोय. गिटारी दोन्ही कानांत करकरीत आणि कोरड्या. त्यांच्या खाली, जिथे बास गिटार असायला हवी, तिथे जवळजवळ काहीच नाही. हेडफोन ठीक असतो. अल्बम १९८८ पासून असाच आहे. तेव्हा तो इतका टोचला नाही, याचं बरंचसं श्रेय कॅसेटला आणि घरच्या टू-इन-वनला जातं.

डबल डेकवर कॅसेटवरून कॅसेट उतरवली की सगळ्यात आधी ट्रेबल जातो. टेप वाचणारं हेड जरा तिरकं असलं, किंवा डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) न लावता भरलेली टेप डॉल्बी चालू ठेवून वाजवली, की उरलासुरलाही बसतो. या अल्बमच्या किक ड्रमची टिचकी नेमकी त्याच भागात, साधारण ३ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास राहते. शिवाय त्या काळच्या वॉकमनवर बास वाढवणारं बटण असायचं आणि ते कोणी कधी बंद करत नसे. वरचं झिजलं, खालचं फुगलं, आणि लार्स उलरिचचे ड्रम नकळत माणसात आले. आज स्ट्रीमिंगवर ऐकू येतं ते मधली ही सगळी यंत्रं वजा करून.

कॅसेटने एक नुकसानही केलं. अल्बम ६५ मिनिटांचा आहे आणि कोऱ्या कॅसेटी मिळायच्या त्या ६० किंवा ९० मिनिटांच्या. ६० वाली घेतली तर पहिली चार गाणी सव्वातीस मिनिटांची, म्हणजे पहिली बाजू कशीबशी पुरायची आणि ‘वन’चा शेवट टेपच्या टोकाशी यायचा. दुसऱ्या बाजूची पाच गाणी मात्र ३५ मिनिटांची. त्यातली पहिली चारच जवळजवळ ३० मिनिटं खातात. त्यामुळे शेवटचं ‘डायर्स ईव्ह’ सुरू होतं न होतं तोच टेप संपायची. अशी कॉपी ज्यांच्याकडे होती त्यांच्यासाठी हा अल्बम आठ गाण्यांचा होता. ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सगळं बसायचं, पण तिची टेप पातळ. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा जुनाट डेकमध्ये ती आधी ताणली जायची, मग गुंतायची.

आता अल्बमकडे. क्लिफ बर्टन हा बँडचा बासवादक २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस उलटून गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८७ मध्ये दुसऱ्या बँडांच्या गाण्यांची एक ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, झाली, पण त्याच्यासोबतचा पहिला पूर्ण अल्बम हाच. रेकॉर्डिंग १९८८ च्या जानेवारीअखेर लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत सुरू झालं. सुरुवातीला निर्माता म्हणून माइक क्लिंक होता, गन्स एन रोझेस या बँडचा ‘अॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ करणारा. त्याचं आणि बँडचं जमलं नाही, तेव्हा आधीचे दोन अल्बम केलेला डेन्मार्कचा फ्लेमिंग रासमुसेन बोलावला गेला. क्लिंकच्या काळात घेतलेले ड्रम ‘द शॉर्टेस्ट स्ट्रॉ’ आणि ‘हार्वेस्टर ऑफ सॉरो’ या दोन गाण्यांत राहिले आहेत. ही दोन गाणी बाकीच्यांच्या शेजारी ठेवून ड्रम ऐकायला हरकत नाही, पण मिक्सिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र जुळवताना, सगळ्यांनाच एकसारखं कोरडं केल्यामुळे फरक फार उरलेला नाही.

मिक्सिंग झालं न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत. ते केलं स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो या दोघांनी. रासमुसेन तिथे नव्हता. बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि उलरिच त्या उन्हाळ्यात व्हॅन हेलन या बँडच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ दौऱ्यावर होते. स्टेडियममध्ये वाजवायचं, विमान पकडायचं, स्टुडिओत येऊन मिक्स ऐकायचा, पुन्हा विमान. दिवसभर स्टेजवरचा आवाज झेललेल्या कानांना ट्रेबल कमी ऐकू येतो, म्हणून तो आणखी वाढवावासा वाटतो. स्टुडिओत काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. बासबद्दल थॉम्पसनने नंतर मुलाखतींत स्वच्छ सांगितलं आहे: उलरिचने आधी बास जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्यायला लावला आणि तिथून आणखी पाच डेसिबल कमी करायला सांगितला.

पण सगळं एका फेडरवर (मिक्सिंग टेबलावरच्या आवाज वर-खाली करणाऱ्या खिट्टीवर) ढकलूनही चालणार नाही, कारण घोटाळा त्याच्या आधीच, वाजवण्यातच सुरू झाला होता. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ, साध्या गिटारची ८२ हर्ट्झ. एका सप्तकाचा फरक. या अल्बमवर ताल-गिटारी सगळ्या हेटफिल्डच्या आहेत, दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट याच्याकडे फक्त सोलो. हेटफिल्डने प्रत्येक रिफ (गाण्यात परत परत येणारी गिटारची छोटी चाल) पुन्हापुन्हा वाजवून डावीकडे-उजवीकडे रचला आणि अॅम्प्लिफायरवर मधले आवाज कापून खालचे-वरचे वाढवले. म्हणजे गिटारने बासची निम्मी जागा आधीच बळकावली होती. न्यूस्टेड बर्टनसारखा बोटांनी वाजवणारा नाही, पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या तुकड्याने वाजवणारा. आणि त्याने बहुतेक ठिकाणी हेटफिल्डचाच रिफ एक सप्तक खाली जसाच्या तसा वाजवला. पिकचा आघात गिटारच्या आघातावर बरोबर बसतो, स्वर गिटारच्या स्वरांत मिसळतात. बास वेगळा ऐकू यायचा तर त्याने कुठेतरी वेगळं काहीतरी करायला हवं. बर्टन ते करायचा. इथे ते फारसं नाही, आणि मग वरून फेडर खाली.

म्हणूनच इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘बास परत आणलेल्या’ चाहत्यांच्या आवृत्त्या ऐकताना अपेक्षा जरा आवरलेल्या बऱ्या. २००९ मध्ये ‘गिटार हिरो: मेटॅलिका’ हा खेळ आला. खेळासाठी काही गाण्यांचे वेगवेगळे ट्रॅक लागले, ते लोकांनी बाहेर काढले आणि बास वर करून नवे मिक्स बनवले. त्यात पहिल्यांदा कळतं की न्यूस्टेडने मेहनत प्रचंड केली होती. तितकंच हेही कळतं की बास पुरता वर आला तरी गाण्याचा स्वभाव बदलत नाही. तोच रिफ आता थोडा जाड होतो. गंमत म्हणून दोन-चार गाणी ऐकावीत. पूर्ण अल्बमला पर्याय म्हणून नकोत, कारण खेळातले ट्रॅक मूळ मास्टरइतके स्वच्छ नाहीत आणि प्रत्येक हौशी मिक्सरने झांजांचं वेगळंच काहीतरी केलेलं असतं.

गाण्यांबद्दल. ‘ब्लॅकन्ड’ हे आजही या बँडच्या सर्वोत्तम सुरुवातींपैकी एक. आवाज हळूहळू फुगत येणारी ती गिटारची धून उलटी वाजवलेली टेप आहे: गिटारींचे थर सरळ रेकॉर्ड करून नंतर पट्टी उलटी फिरवली. ऑडासिटीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं साधारण अर्धं मिनिट कापून ‘रिव्हर्स’ करा, म्हणजे मूळ वाजवलेली चाल ऐकू येईल. स्वरांचा आघात शेवटाकडे गेल्यामुळे प्रत्येक स्वर गिळल्यासारखा थांबतो, तेही उलगडेल. गाणं अणुयुद्धानंतरच्या जळून गेलेल्या पृथ्वीबद्दल आहे आणि त्यात न्यूस्टेडचं गीतलेखक म्हणून नाव आहे. अल्बमवर त्याला मिळालेलं ते एकमेव. बँडच्या आजच्या रेकॉर्ड कंपनीचं नावही या गाण्यावरूनच, ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज.

शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं. यातले रिफ एकेक घेतले तर पक्के आहेत, पण जोडकाम दिसतं. एक भाग संपतो, दोन ठोक्यांची उसंत, दुसरा भाग सुरू. पंधराव्या वर्षी हे ‘प्रोग्रेसिव्ह’ वाटतं. नंतर कळतं की सातव्या मिनिटाला गाण्यापाशी नवं सांगायला काही उरलेलं नाही. बँडलाही ते जाणवलं असावं: १९८९ मध्ये दौरा संपल्यावर हे गाणं त्यांनी २००७ पर्यंत स्टेजवर पूर्ण वाजवलंच नाही. ‘आय ऑफ द बिहोल्डर’ हे त्याहून अडखळणारं. कडव्यातला सरळ चाराचा ताल ध्रुवपदात तीन-तीनच्या झोक्यात जातो, ही कल्पना कागदावर छान आहे. ऐकताना मात्र दर वेळी ब्रेक दाबल्यासारखं होतं. अल्बममधून एक गाणं काढायचं तर हेच.

आणि मग ‘वन’. युद्धात हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गमावूनही शुद्धीवर राहिलेल्या सैनिकाची गोष्ट. डाल्टन ट्रंबोच्या १९३९ च्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या कादंबरीवर ती बेतली आहे. ट्रंबोनेच १९७१ मध्ये तिचा सिनेमा केला होता. बँडने त्या सिनेमाचे हक्क विकत घेऊन त्याचे तुकडे व्हिडिओत वापरले. मेटॅलिकाचा हा पहिला व्हिडिओ, १९८९ च्या जानेवारीतला. आपल्याकडे एमटीव्ही स्टार टीव्हीबरोबर १९९१ मध्ये आला, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांनी गाणं आधी ऐकलं आणि काळा-पांढरा व्हिडिओ नंतर पाहिला. हा क्रम गाण्याला मानवतो.

‘वन’ला बाकी अल्बमसारखी जोडकामाची अडचण का येत नाही, हे जवळून पाहण्यासारखं आहे. इथे प्रत्येक भाग आधीच्या भागाहून एक पायरी वर आहे आणि मागे फिरणं नाही. तोफांचे आवाज, मग स्वच्छ गिटार आणि तिच्यावर हॅमेटचा शांत सोलो. कडवी हळू, ध्रुवपदात तेवढी गिटार चढते आणि पुन्हा उतरते. चार मिनिटं उलटल्यावर एका ठिकाणी किक ड्रम आणि गिटार एकाच ठेक्यावर येऊन मशीनगनसारखे तुटक फैर झाडायला लागतात, आणि तिथून शेवटपर्यंत गाणं खाली येतच नाही. अल्बमचा कोरडा आवाज इथे शंभर टक्के उपयोगी पडतो. त्या ठेक्यात किकचा घुमारा असता, तर दोन ठोक्यांमधली शांतता भरून गेली असती आणि फैरींचा नुसता गडगडाट ऐकू आला असता. टिचकी आहे म्हणून प्रत्येक गोळी मोजता येते. मधल्या शांत भागांत करकरणारी गिटार नसल्यामुळे बासही थोडा ऐकू येतो. बास शोधायला बसलेल्याने सुरुवात इथून करावी. १९९० मध्ये ‘वन’ला ग्रॅमी मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी हार्ड रॉक-मेटलचं पहिलंवहिलं ग्रॅमी हा अल्बम डावलून जेथ्रो टल या बासरीवाल्या बँडला दिलं गेलं होतं, आणि त्यावरचा हशा अजून ओसरलेला नाही.

‘द शॉर्टेस्ट स्ट्रॉ’ अमेरिकेतल्या मॅकार्थी काळातल्या, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना वाळीत टाकणाऱ्या काळ्या याद्यांबद्दल. नेटकं, जरा लांब. ‘हार्वेस्टर ऑफ सॉरो’ अल्बममधल्या संथ गाण्यांपैकी एक आणि पहिलं सिंगल. पुढच्या, काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमची चाहूल यातच आहे. आज ते आधीपेक्षा बरं वाटतं, कारण त्यात रिकामी जागा आहे.

‘द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी’ हे दुर्लक्षित राहिलेलं गाणं. सुरुवातीचा तो हुंकारांचा कोरस १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ सिनेमातल्या पहारेकऱ्यांचा आहे. मधल्या भागात रिफ एकातून एक निघत जातात, शीर्षकगीतासारखे शेजारी-शेजारी ठेवलेले वाटत नाहीत. इतकं असूनही पूर्ण गाणं स्टेजवर पहिल्यांदा वाजलं ते २०१४ मध्ये हेलसिंकीत, म्हणजे अल्बमनंतर २६ वर्षांनी. ‘टू लिव्ह इज टू डाय’ बर्टनने मागे ठेवलेल्या तुकड्यांवर उभं केलेलं, जवळजवळ पूर्ण वाद्यांचं गाणं. अकूस्टिक सुरुवात, जड संथ रिफ, मध्येच सगळं थांबून स्वच्छ गिटारींचा एक उतारा, मग हेटफिल्डच्या आवाजात चार ओळी. इथे बासची उणीव सगळ्यात जास्त सलते, कारण गाणंच बासवाल्याचं आहे. त्याच्या पाठीला पाठ लावून ‘डायर्स ईव्ह’ येतं, पाच मिनिटांचं, अल्बममधलं सगळ्यात वेगवान. कर्मठ धार्मिक घरात वाढलेल्या हेटफिल्डने आईवडिलांना लिहिलेलं हे पत्र. दोन्ही पायांनी वाजवायच्या किक ड्रमचा हा वेग उलरिचला स्टेजवर पेलायला २००४ उजाडलं. ६० मिनिटांच्या कॅसेटवाल्यांनी आधी हेच ऐकावं.

कुठली आवृत्ती घ्यावी, यावर बाजारात गोंधळ आहे. रिमास्टर आणि रिमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी. रिमिक्स म्हणजे मूळ वेगवेगळ्या ट्रॅककडे परत जाऊन बास, ड्रम, गिटार यांचं प्रमाण नव्याने ठरवणं. पर्ल जॅम या बँडच्या ‘टेन’ अल्बमचा २००९ मध्ये तसा झाला. रिमास्टर म्हणजे ठरलेल्या मिक्सवरच शेवटचा हात. ‘जस्टिस’चा २ नोव्हेंबर २०१८ ला आलेला आहे तो रिमास्टर. मिक्सला हात लावलेला नाही, त्यामुळे बास परत आलेला नाही आणि येणारही नव्हता. झालंय ते एवढंच: आवाजाची पातळी वाढली, खालचा भाग किंचित भरला, आणि हलक्या-जड भागांतलं अंतर कमी झालं. ‘वन’च्या सुरुवातीची कुजबुज आणि शेवटचा भडका यांत मूळ सीडीवर जितका फरक आहे, तितका इथे नाही. स्ट्रीमिंग सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीवर आणतात, म्हणून रिमास्टरचा मोठेपणाही तिथे उरत नाही. सपाटपणा तेवढा उरतो.

म्हणून सल्ला असा. जुनी सीडी मिळत असेल तर ती घ्या. अमेरिकन एलेक्ट्राचा क्रमांक ६०८१२-२, युरोपातली व्हर्टिगोची ८३६ ०६२-२. सीडीच्या मागच्या बाजूला किंवा कण्यावर तो छापलेला असतो. खरवडे केंद्रापासून कडेकडे गेलेले असतील तर बहुतेक वेळा वाजते; वर्तुळाच्या दिशेने गेलेले असतील तर सोडून द्या, कारण वाचणाऱ्या लेझरला सलग माहिती मिळत नाही आणि गाणं उड्या मारतं. गाडीत, जिममध्ये, लोकलच्या गर्दीत ऐकायचं असेल तर मात्र २०१८ चा रिमास्टरच सोयीचा. बाहेरच्या गोंगाटात ‘वन’ची सुरुवात मूळ सीडीवरून ऐकूच येत नाही. २०१८ चा मोठा बॉक्स-सेट फक्त डेमो आणि लाइव्ह रेकॉर्डिंगांत रस असणाऱ्यांनी पाहावा.

इक्वलायझरने काय साधतं आणि काय नाही, तेही सांगायला हवं. अँड्रॉइड फोनवर बहुतेक वेळा पाच पट्ट्या असतात: ६०, २३०, ९१०, ३,६०० आणि १४,००० हर्ट्झ. ६० वर ४ डेसिबल वाढवा. बास गिटारची जाड तार आणि किकचा धक्का यांतलं जे काही मिक्समध्ये उरलंय ते इथेच आहे. २३० ला हात लावू नका. तिथे हेटफिल्डचा तळहात दाबून वाजवलेला गिटारचा ‘धुग धुग’ आहे. तो वाढवला की सगळं गढूळ होतं, आणि फोनमधलं तयार ‘बास बूस्ट’ नेमकं हेच करतं. ९१० वर २ वाढवा, गिटारीचा कापलेला मधला भाग थोडा परत येतो आणि हेटफिल्डचा आवाज पुढे सरकतो. ३,६०० वर ३ कमी करा, म्हणजे किकची टिचकी आणि झांजांची धार दोन्ही बोथट होतात. जुन्या कॅसेटच्या आवाजाच्या सगळ्यात जवळ नेणारी पट्टी ही. शेवटी, प्रीअॅम्प किंवा एकूण पातळीची पट्टी असेल तर ती ४ ने खाली घ्या. हे विसरलं तर आधीच काठोकाठ भरलेल्या रिमास्टरवर वाढवलेला भाग डोक्यावर आपटतो आणि प्रत्येक किकला ‘चर्र’ असा फाटका आवाज येतो. हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवर ६० हर्ट्झ वाढवून काही उपयोग नाही. तो आवाज काढण्याइतका त्याचा पडदा मोठाच नसतो. तो फक्त धापा टाकतो आणि आतलं संरक्षण सगळं गाणं दाबून टाकतं.

याहून सोपी एक युक्ती आहे, जी फारशी कोणी सांगत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’खाली ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू करा. या मिक्समध्ये गिटारी पार डाव्या-उजव्या टोकाला आहेत. गायन, किक आणि जो काही बास आहे तो मध्यभागी. दोन्ही बाजू एकत्र केल्या की टोकाच्या गोष्टी मधल्यांच्या मानाने साधारण तीन डेसिबल मागे हटतात. गिटारींचा पसारा आटतो, ते नुकसान आहेच. पण ‘हार्वेस्टर’ आणि ‘शॉर्टेस्ट स्ट्रॉ’मध्ये बासची रेघ अचानक हाताला लागते. न्यूस्टेडने नेमकं काय वाजवलं ते शिकायचं असेल तर कान लावून बसण्यापेक्षा हे बरं.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी थोडं. या अल्बमचा स्वर म्हणजे ईएमजीचे पिकअप आणि मेसा बूगीचा मार्क मालिकेतला अॅम्प. त्यावर पाच पट्ट्यांचा इक्वलायझर असतो, त्यातली मधली, ७५० हर्ट्झची पट्टी खाली आणि दोन्ही टोकं वर. खोलीत एकट्याने वाजवताना हा स्वर मस्त वाटतो, म्हणून पोरं ‘मिड’ची खुंटी थेट शून्यावर नेतात. मग बँडसोबत प्रॅक्टिसला गेलं की गिटार गायब. खालच्या जागी बास आणि किक बसलेले असतात, वरच्या जागी झांजा, आणि गिटारने आपली हक्काची मधली जागा स्वतःच सोडलेली असते. अल्बमवर हा स्वर टिकला, कारण तिथे बासच उठवून लावला होता. बँडमध्ये वाजवायचं तर मिड निम्म्यावर ठेवा, गेन वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा, आणि जाडी हवी असेल तर एकच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर जाडी येत नाही. नुसता मध्यभागी मोठा आवाज येतो. आणि रिफ खालच्या दिशेच्या फटक्यांनीच वाजवायचे. ‘ब्लॅकन्ड’ वरखाली वाजवून वेग गाठता येतो, पण प्रत्येक दुसरा स्वर हलका पडतो आणि तो दात विचकल्यासारखा आवाज येत नाही. मनगट भरून आलं की वेग दहा बीट्सनी कमी करा. कोपर ताठ ठेवून रेटलं तर दुखणं महिनाभर पुरतं.

ही गाणी बाससकट ऐकायची तर १९८९ च्या ऑगस्टमधली सिएटलची मैफल शोधा. १९९३ च्या ‘लाइव्ह शिट: बिंज अँड पर्ज’ या संचात ती व्हिडिओवर आली. ‘ब्लॅकन्ड’ने सुरुवात होते आणि न्यूस्टेड पहिल्या रिफपासून छातीवर येतो; शीर्षकगीतसुद्धा इथे स्टुडिओतल्यापेक्षा सुसह्य वाटतं. २०११ च्या ३० ऑक्टोबरला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर जे गेले, त्यांनी ऐकला तो बास रॉबर्ट ट्रुहियोचा. तो २००३ पासून बँडमध्ये आहे आणि बर्टनसारखा बोटांनी वाजवतो. त्यामुळे ‘वन’ आता पूर्वीइतकं धारदार नाही, जास्त जाड आहे. दोन्ही ऐकून मग मूळ अल्बमकडे यावं.

विनाइलचा शौक असेल तर हा अल्बम दोन रेकॉर्डींचाच घ्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. चार बाजू साधारण १६, १४, २० आणि १५ मिनिटांच्या. बाजू लहान म्हणजे खाचा रुंद, आणि कमी-जास्त आवाजाला मोकळीक. जुनी प्रत घेताना तिसरी बाजू दुकानात वाजवून बघा: तिच्यावर तीन गाणी दाटीवाटीने बसवली आहेत, त्यामुळे ‘फ्रेड एंड्स’च्या शेवटी, लेबलाजवळ, सुई आणि खाच दोन्ही झिजलेल्या असतील तर झांजांचा ‘स्स’ फाटतो. तिथे स्वच्छ वाजली तर बाकीच्या तीन बाजूंची काळजी नाही. बाहेरच्या कव्हरवर दोऱ्यांनी बांधलेली न्यायदेवता आणि तराजूत ओसंडणारे डॉलर आहेत. ते चित्र रेकॉर्डच्या आकारातच बघण्यासारखं आहे. कव्हरवर आतल्या रेकॉर्डचा गोल वळ उठलेला असेल, तर त्यावरून भाव पाडून मागायला हरकत नाही.